बीटाचा रस, २१ दिवस आणि लोहाचा हिशेब

नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: थकवा म्हणजे रक्त कमी, रोज उपाशीपोटी ग्लासभर बीटाचा रस, गुळाचा खडा आणि चार खजूर घ्या, चहा कायमचा सोडा, दिवसाला पाच लिटर पाणी प्या, २१ दिवसांत हिमोग्लोबिन ३ ग्रॅमने वाढेल, तपासण्या-गोळ्यांची गरजच नाही.

आधी रस. १०० ग्रॅम बीटात लोह जेमतेम ०.८ मिलीग्रॅम. ग्लासभर रसाला दीडशे-दोनशे ग्रॅम बीट लागतं. त्यात गूळ-खजूर मिळवून सगळं अडीच मिलीग्रॅम धरू. वनस्पतीतल्या लोहापैकी शरीर साधारण ५ ते १० टक्केच शोषतं, म्हणजे हाती फार तर पाव मिलीग्रॅम. आता ५० किलो वजनाच्या बाईच्या अंगात साडेतीन लिटरच्या आसपास रक्त असतं. तिचं हिमोग्लोबिन (दर १०० मिलीलिटर रक्तामागे) ३ ग्रॅमने वाढवायला सुमारे ३५० मिलीग्रॅम लोह लागतं. २१ दिवसांच्या रसातून मिळतं पाच! शिवाय शरीर रोज एखादा मिलीग्रॅम गमावतं, ते वेगळंच. बीटाचा लाल रंग बेटानिन या रंगद्रव्याचा, रक्ताशी त्याचं काही नातं नाही. मधुमेह असेल तर हा गोड प्रकार उपाशीपोटी नकोच.

जेवणातून लोह वाढवायचं तर बाजरीची भाकर, मटकी, मसूर, चना, अळीव. अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवा, पण झाली की लगेच काढून ठेवा. कढईत राहिली तर काळी पडते. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उकळत्या भाजीत ‘क’ जीवनसत्त्व बरंचसं जातं. या हिशेबाने तर्री-पोहे वाईट नाहीत: चना आहे, वरून लिंबू आहे. घोळ होतो तो सोबतच्या चहाने.

म्हणून चहा सोडायची गरज नाही, वेळ बदला. त्यातलं टॅनिन लोह अडवतं, तेव्हा जेवण-नाश्त्यापासून तासभर लांब. शेवटचा कप दुपारी चारपर्यंत, कारण पाच तासांनंतरही अर्धंअधिक कॅफीन अंगात असू शकतं आणि झोप उथळ होते. एकदम बंद केलात तर दोन-चार दिवस डोकं दुखेल, आणि तो नवा थकवा!

पाच लिटर पाण्याचा सल्ला मे महिन्यातल्या ४५ अंशांत पटतो, पण घामात मीठही जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरून गळाल्यासारखं होतं. उन्हात काम असेल तर मीठ घातलेलं ताक, पन्हं किंवा ओआरएस घ्या. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घोळायचं, ग्लासात थोडं-थोडं नाही. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय. किडनी, हृदय किंवा बीपीचा त्रास असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य शेवटचं: तपासण्या-गोळ्यांची गरजच नाही. थकव्यामागे बी१२, थायरॉइड, साखर, काहीही असू शकतं. सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, टीएसएच (थायरॉइड) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) एकदा करून घ्या. हिमोग्लोबिन बायकांत १२, पुरुषांत १३ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया. पण ते ठीक असूनही फेरिटिन घसरलेलं असू शकतं. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या बायकांत लोह कमी निघालं तर आधी मूळव्याध, पोट-आतड्यातला रक्तस्राव शोधावा लागतो. आणि विदर्भात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. त्याचा अ‍ॅनिमिया लोहाच्या कमतरतेचा नसतो. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच साचलेलं असतं, त्यांना मनानेच गोळ्या देणं धोक्याचं. नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांत सिकलसेलची प्राथमिक चाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी पुढची तपासणीच सांगते.

लोह खरंच कमी निघालं तर डॉक्टरांनी दिलेली गोळी लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. शौच काळी होते, घाबरू नका. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या किंवा एक दिवसाआड चालेल का ते विचारा. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वर यायला हवं. आकडा जागेवर आला तरी साठा भरायला गोळी साधारण तीन महिने चालते, आणि बहुतेक जण नेमके इथेच थांबतात.