'मत न देणारे आळशी' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

निवडणुकीची टक्केवारी जाहीर झाली की एक मेसेज फिरू लागतो. थोडक्यात तो असा: "मत न देणारे आळशी आहेत. सुट्टी मिळाली की फिरायला जातात. त्यांच्या सवलती बंद करा, ऑस्ट्रेलियासारखी सक्ती करा. आणि ज्यानं मत दिलं नाही, त्यानं तक्रार करू नये." मतदान वाढावं असं मलाही मनापासून वाटतं, म्हणूनच हा मेसेज मला खुपतो.

आधी आळसाचं पाहू. भारतात 1962 च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे 63 टक्के पुरुषांनी मत दिलं, स्त्रियांपैकी मात्र जेमतेम 47 टक्क्यांनी. 2019 मध्ये दोघंही 67 टक्क्यांच्या आसपास होते आणि स्त्रिया किंचित पुढे. मग 1962 च्या बायका आळशी होत्या का? पहाटेपासून राबणाऱ्या त्या बायकांना असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. त्यांच्या भोवतालची परिस्थिती बदलली, तसं मतदान बदललं.

टक्केवारी कशी निघते तेही बघा. ती बहुधा यादीतल्या नावांवर काढतात. यादीत मृतांची, स्थलांतरितांची, दोनदा लागलेली नावं राहून गेली, तर मतदान प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. उलट ज्याचं नाव यादीत लागलंच नाही, तो या हिशेबात येतच नाही. पोटासाठी दूर गेलेल्या माणसाचं नाव जुन्या पत्त्यावरच असेल, तर एका मतासाठी त्याला प्रवासखर्च आणि दोन दिवसांची मजुरी मोजावी लागते. त्याला आळशी म्हणणं हा सरळसरळ अन्याय आहे.

सुट्टीचं म्हणाल, तर ती सगळ्यांना मिळत नाही. रुग्णालयात, वाहतुकीत, घरकामाला, रोजंदारीवर असणाऱ्यांचं काम त्या दिवशीही चालूच असतं. फिरायला जाणारे असतील, पण सगळ्या गैरहजरांचा हिशेब त्यांच्यावरून करता येत नाही.

आता ऑस्ट्रेलिया. सक्तीनं मतदान वाढतं, हे मी नाकारणार नाही. तिथे 1922 मध्ये मतदान 60 टक्क्यांच्या खाली होतं. 1924 मध्ये सक्तीचा कायदा आला आणि 1925 मध्ये ते 91 टक्क्यांवर गेलं. नेदरलँड्सनं 1970 मध्ये सक्ती उठवली, तर पुढच्याच निवडणुकीत तिथलं मतदान घसरलं. पण ऑस्ट्रेलियाची बाकीची व्यवस्था मेसेजमध्ये येत नाही. तिथे संघीय निवडणुकीत मत न दिल्यास पहिला दंड आहे 20 डॉलर, आणि योग्य कारण दिलं तर तोही माफ. कुणाच्या सवलती बंद होत नाहीत. मतदान शनिवारी होतं. त्या दिवशी जमणार नसेल तर आधी किंवा टपालानं मत देता येतं, आपल्या राज्यातल्या दुसऱ्या केंद्रावरही देता येतं. दुर्गम वस्त्यांपर्यंत फिरती पथकं जातात. मत द्याच म्हणणारं सरकार मतपेटी घेऊन दारापर्यंतही येतं. मेसेजला यातली फक्त शिक्षा हवी आहे, आणि सवलती बंद करण्याची ती शिक्षा नेमकी गरिबाला बसेल, ज्याला केंद्रापर्यंत पोचणंच सगळ्यात कठीण.

तक्रारीच्या हक्काबद्दल एकच वाक्य पुरे: कर सगळेच भरतात, आणि यादीतून नाव गहाळ झालेल्याची तर तक्रारच मुळात ती आहे.

मग लोकांना लाज वाटायला लावून काही साधतं का? अमेरिकेत मिशिगन राज्यात 2006 च्या एका प्राथमिक, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीआधी याचा प्रयोग झाला. ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं, त्यांच्यात मतदान 29.7 टक्के झालं. 'मतदान हे कर्तव्य आहे' एवढंच पत्र ज्यांना गेलं, त्यांच्यात 31.5 टक्के. तुम्ही आणि तुमचे शेजारी मागे मत द्यायला गेला होता की नाही याची यादीच ज्यांना पाठवली, त्यांच्यात 37.8 टक्के. वाढ मोठी आहे, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांत असा पंचनामा करणं मला पटत नाही. आणि तो करूनही शंभरातले साठहून जास्त आलेच नाहीत. त्याआधी 1998 मध्ये अमेरिकेतल्याच न्यू हेवन शहरात झालेल्या प्रयोगात कुणालाही न लाजवता, घरी जाऊन समोरासमोर बोलल्यावर जवळपास तितकीच वाढ दिसली होती. पैसे देऊन करवलेल्या फोनचा मात्र उपयोग झाला नाही.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात 1970 च्या दशकापासून मतदानाच्या दिवशीच केंद्रावर नाव नोंदवता येतं, आणि मतदानात ते राज्य वारंवार देशात आघाडीवर असतं. यादी दुरुस्तीची शेवटची तारीख, केंद्राचा पत्ता, चालणारी ओळखपत्रं आणि वयस्कर शेजाऱ्यांना सोबत कोण नेणार, एवढं ज्या मेसेजमध्ये असेल तो मी स्वतः सगळ्यांना पाठवीन.