खोलीतल्या तिजोरीवर एवढा भरवसा नको

प्रवासात मौल्यवान वस्तू कुठे ठेवाव्यात यावरच्या लेखात म्हटलंय की पासपोर्ट, रोकड, दागिने सगळं हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीत टाका आणि निर्धास्त फिरा. हे पटलं नाही. पाहुणे कोड विसरतात म्हणून या तिजोऱ्यांना मास्टर कोड किंवा जादा किल्ली असतेच, आणि कित्येक ठिकाणी कारखान्यातून आलेला कोड बदललेलाही नसतो. आपला कोड लावून दार बंद करा आणि ०००००० किंवा ९९९९९९ दाबून बघा. उघडली तर तिचा नाद सोडा. तिजोरी दोन्ही हातांनी उचलूनही बघा. बोल्ट नसतील तर ती अख्खीच बॅगेत जाते! रिसेप्शनची तिजोरी बरी, पण पावती घ्या.

शिवाय सगळं एकाच जागी का? दुसरं कार्ड आणि थोडी रोकड वेगळ्या बॅगेत हवी. पासपोर्ट गेला तर आधी स्थानिक पोलिसांचा लेखी अहवाल, मग भारतीय दूतावास. घाईत मिळतं ते इमर्जन्सी सर्टिफिकेट (तात्पुरता प्रवासी दाखला), आणि ते फक्त भारतात परतण्यापुरतं. म्हणजे पॅरिसमध्ये पासपोर्ट गेला की पुढचं लंडन रद्दच समजा. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांची आणि व्हिसाची प्रत, शिवाय पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो पासपोर्टपासून वेगळे ठेवा. प्रती ईमेलवरही असू द्या, कारण बहुतेकदा मोबाइलही पासपोर्टच्याच पर्समध्ये असतो.