पगारवाढ नाकारायचीय? मत्तय उघडा!

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची एजीएम झाली. मालाडची सोसायटी, 42 फ्लॅट, निम्म्याहून जास्त आपलेच ख्रिस्ती, त्यामुळे चर्चमधला मिस्सा आटपला की थेट खाली पार्किंगमध्ये मिटिंग. अजेंड्यावर शेवटून दुसरा विषय होता रात्रीच्या वॉचमनचा. 12 तास ड्युटी, 11,000 पगार, तीन वर्षांत एक रुपया वाढलेला नाही, 1,500 वाढवून मागतोय बिचारा. कमिटीतले एक अंकल उठले, चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल हातभर लांब धरला आणि बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायातलं वाचायला लागले. मित्रा, मी तुझ्यावर अन्याय करत नाही, तू माझ्याशी एका दिनाराचाच करार केला होतास ना? चष्मा खाली. "करार तो करार. प्रभूच म्हणतो." विषय संपला. मग समोसे आले. प्लेटा कोण वाटत होतं ते सांगायलाच हवं का?

तर त्या दिवसापासून मला वाटतंय की ही कला अंकलपुरती राहू नये, सगळ्यांना यावी. म्हणून थोडं मार्गदर्शन.

सगळ्यात आधी मत ठरवा. टॅक्स भरायचा नाहीये, बाईला बोनस द्यायचा नाहीये, झोपडपट्टी हटवायचीय, जे काय असेल ते. बायबलचं वचन नंतर शोधायचं. आपल्या आज्या वचन वाचून मग कसं वागायचं ते ठरवायच्या, पण त्यांच्याकडे कुठे सर्च होता.

दुसरं, वचनाच्या मागचंपुढचं वाचायचं नाही. "गरीब तर नेहमीच तुमच्याजवळ असणार" हे येशूचं वाक्य कुठल्याही चॅरिटीवाल्याला गप्प करायला बेस्ट. फक्त बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा 15वा अध्याय उघडू नका. तिथे हेच वाक्य आहे, देशात गरीब राहणारच, आणि लगेच पुढे आहे की म्हणून हात सैल सोड. ते "म्हणून" फार घात करतं.

श्रीमंताने स्वर्गात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो? जेरुसलेममध्ये "सुईचं नाक" नावाचा छोटा दरवाजा होता म्हणून ठोकून द्या, पुरावा आजवर कुणाला सापडलेला नाही पण चर्चच्या प्रवचनात चालून जातो.

आता हुकमाचा एक्का. "जो काम करणार नाही त्याने खाऊही नये." संत पौल, थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र, 3:10. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंनी मे 1988 मध्ये एडिंबरोला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सभेत हे वापरलं (सभेच्या प्रमुखांनी भाषणानंतर बाईंच्या हातात चर्चचे गरिबी आणि घरांवरचे रिपोर्ट ठेवले, सभ्य माणसं अशी चपराक मारतात). 2013 मध्ये अमेरिकेत गरिबांची फूड स्टॅम्पची मदत कापायची होती तेव्हा स्टीफन फिंचर नावाच्या खासदाराने हेच वचन काढलं, आणि स्वतःच्या शेतीसाठी त्याच सरकारकडून लाखो डॉलरची सबसिडी घेऊन बसलेला. आणि हसू नका, 1936 च्या सोव्हिएत राज्यघटनेतही 12व्या कलमात हेच आहे! म्हणजे थॅचरबाई आणि स्टॅलिन एकाच पानावर. याहून जास्त सोयीचं वचन कुठे मिळणार? पौलाने "ज्याला काम करायचं नाही" म्हटलंय, ज्याला मिळत नाही किंवा जमत नाही असं नाही, ते बारीक अक्षरात सोडून द्या. आणि 11वी ओळ तर वाचूच नका, तिथे तो कुणावर चिडलाय ते कळतं. स्वतः काही काम न करता दुसऱ्यांच्या भानगडीत लुडबुड करत फिरणाऱ्यांवर. मला आपली कमिटीच डोळ्यासमोर आली.

सरकार आपल्या आवडीचं असेल तर पौलाचं रोमकरांस पत्र, 13वा अध्याय, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. 2018 मध्ये अमेरिकेच्या बॉर्डरवर बाहेरून आलेल्यांच्या पोरांना आईबापांपासून तोडत होते तेव्हा तिथल्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या सगळ्यात मोठ्या कायदा अधिकाऱ्यांनी, हेच सांगितलं. सरकार नावडतं असेल तर तो अध्याय आपल्या बायबलमध्ये नाहीच असं समजा.

हे फक्त श्रीमंतांनीच करायचं असं नाही हं. माझा भाचा कॉलेजला आहे, त्याच्यासाठी येशू पहिला कम्युनिस्ट, कारण बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पहिले ख्रिस्ती सगळे सगळं वाटून घ्यायचे. पुढच्याच अध्यायात येशूचा शिष्य पेत्र एकाला म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते, ते मात्र त्याला पोस्टरवर मावत नाही.

आणि अगदीच एखादं पुस्तक नडत असेल तर कापून टाका. 1807 मध्ये लंडनला वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी खास बायबल छापलं, त्यात मालकाचं ऐका हे ठेवलं आणि इस्रायली लोक इजिप्तच्या गुलामीतून सुटतात तो भागच उडवला. कात्रीला देव कुठे दिसतो.

बरं, आता अंकलचं वचन. हे मला पचतच नाहीये, आठ दिवस झाले. अंकल, तो दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली ती गोष्ट, कधी शेवटपर्यंत वाचलाय का हो? द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाहेर पडतो, मजूर घेतो, मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, संध्याकाळी पाचला पण जातो, तर माणसं अजून उभीच, आपल्या मालाड स्टेशनबाहेर सकाळी थापी-घमेलं घेऊन नाक्यावर उभी असतात ना तशीच, विचारतो दिवसभर रिकामे का उभे, तर म्हणतात आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. त्यांनी तासभर काम केलं आणि त्यांना त्याने अख्ख्या दिवसाचा दिनार दिला, कारण दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, त्याच्या खाली घर चालत नाही! कराराची भाषा कुणाला ऐकवलीय? पहाटेपासून राबलेल्यांना, ज्यांच्या पोटात दुखत होतं की याला आमच्याएवढं का दिलं. म्हणजे ते वाक्य वॉचमनसाठी नाहीये अंकल, ते तुमच्यासाठी आहे! जास्त देणाऱ्या मालकाचं वाक्य घेऊन तुम्ही कमी दिलंत आणि वर "प्रभूच म्हणतो"! त्याच मिटिंगमध्ये गेटला ग्रॅनाइट लावायचे 90,000 पाच मिनिटांत पास झाले, तेव्हा नाही आठवला कुठला अध्याय?

बायबलमध्ये मजुरीबद्दल सरळ लिहिलंय, शोधावं लागत नाही. अनुवाद 24, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यात अडकलाय. याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय, तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय. पोप तेरावे लिओ 1891 मध्येच सांगून गेले की मजूर नाइलाजाने कमी पैशावर हो म्हणाला तर तो करार नाही, ती जबरदस्ती आहे. 1891! आपली सोसायटी 1987 ची.

आणि मी? मी गप्प बसले. समोसाही खाल्ला, अजेंड्याच्या कागदावर त्याचा तेलाचा डाग अजून आहे माझ्याकडे. त्यामुळे हे मलाही लागू.

पण पुढच्या मिटिंगला मी हात वर करणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. पैसे द्यायचे नसतील तर सरळ सांगा, आम्ही कंजूष आहोत, आम्हाला द्यायचे नाहीत. येशूला कशाला पुढे करता. प्रत्येक घरामागे महिना 36 रुपये पण येत नाहीत, हिशोब करून बघा, एवढ्यात आपल्याकडे तीन वडापाव पण येत नाहीत.

आणि त्याच्या केबिनमधली ती खुर्ची पण बदला, एक पाय सुतळीने बांधलाय तिचा.