‘सर’ म्हणजे गुलाम? मग न्यूटनचं काय?

रविवारी रात्री साडेनऊला आईचा फोन आला. ही तिची मालिकेची वेळ, त्यामुळे आधी पोटात गोळाच आला. फोन उचलला तर, "अगं, म्हणजे इतकी वर्षं मी हेडमास्तरांसमोर स्वतःला गुलाम म्हणवून घेत होते का?"

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालीय. मुलं तिला ‘बाई’ म्हणायची आणि ती मुख्याध्यापकांना ‘सर’. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर तिला एक मेसेज आला होता, "इंग्रजांनी शाळा-कॉलेजात पेरलेले गुलामीचे शब्द. डोळे उघडा!" सात मुद्दे, प्रत्येकापुढे लाल बाण आणि शेवटी खरे भारतीय असाल तर दहा जणांना पाठवा, ही नेहमीची धमकी. हसून सोडून दिलं असतं. पण हाच मेसेज माझ्या आठवीतल्या भाच्यापर्यंतही पोचला होता. पीटीच्या तासाला हजेरीत "येस सर" म्हणायच्या ऐवजी "मी गुलाम नाही" असं ठणकावून सांगून तो पठ्ठ्या वर्गाबाहेर उभा राहिला. तेव्हा म्हटलं, आता बसून लिहायलाच हवं.

मुद्दा पहिला आणि सगळ्यात अचाट. ‘सर’मधली तीन इंग्रजी अक्षरं म्हणे ‘स्लेव्ह आय रिमेन’ची, म्हणजे ‘मी गुलामच राहीन’. आपल्या तोंडून नकळत रोज हे वदवून घ्यायला इंग्रजांनी मुद्दाम काढलेला शब्द.

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश उघडला की हा फुगा फुटतो. शब्द कोणत्या शतकात, कोणत्या लेखनात पहिल्यांदा दिसतो याची नोंद हा कोश ठेवतो. ‘सर’ हे ‘सायर’चं आखूड रूप. ते आलं जुन्या फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये लॅटिनच्या ‘सिनिअर’वरून. अर्थ, वयाने मोठा. आपल्याकडच्या ‘वडीलधारे’सारखंच. इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकाच्या अखेरीपासून लिहिलेला सापडतो. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० साली. म्हणजे भारतीयांना गुलाम करणारा शब्द इंग्रजांनी तीनशे वर्षं आधीच करून ठेवला आणि तोवर आपापसात वापरून सराव केला!

बरं, आद्याक्षरं जुळवून शब्द पाडायची खोड विसाव्या शतकातली. रडार, लेसर हे तसे शब्द. तेराव्या शतकात बहुतेकांना अक्षरओळखच नव्हती. तिथे आद्याक्षरांचा खेळ कोण कुणाशी खेळणार?

आणि न्यूटनचं काय? केंब्रिजचे माजी प्राध्यापक आयझॅक न्यूटन यांना १७०५ मध्ये राणी ॲनने ‘नाइट’ हा किताब दिला आणि ते सर आयझॅक न्यूटन झाले. राणीने भर समारंभात आपल्याच शास्त्रज्ञावर गुलामीचा शिक्का मारला म्हणायचं? रवींद्रनाथांनी जालियनवाला बागेनंतर, १९१९ मध्ये, हीच ‘सर’की सोडून दिली. तो सन्मान होता म्हणून सोडण्यात निषेध होता. गुलामीचा पट्टाच असता तर तो परत करायला पत्र कशाला लिहायचं?

आता एक गोष्ट कबूल करते, नाइलाजाने. त्या काळची इंग्रजी सरकारी पत्रं ‘महोदय, मी आहे आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ अशा शेपटीने संपायची आणि त्यात ‘सर’ही असायचं, कधी ‘रिमेन’ही असायचं. मेसेज लिहिणाऱ्याने असलं एखादं पत्र कुठेतरी अर्धवट पाहिलं असावं, असा माझा तर्क आहे. पण गोरे साहेब एकमेकांनाही हेच लिहायचे, आपल्या हाताखालच्यांनाही. ती रीत होती. आपणही रजेच्या अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ लिहितच मोठे झालो ना?

‘सर’ नको म्हणायला शहाणी कारणंही आहेत. केरळमधल्या पालक्काड जिल्ह्यातल्या मातूर ग्रामपंचायतीने २०२१ मध्ये ठरवलं की कार्यालयात आलेल्या माणसाने कुणाला सर-मॅडम म्हणू नये, कारण लोकांनी मालकासारखं वागावं. केरळच्याच बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये शाळांपुरतं सुचवलं की बाई असो वा पुरुष, सगळ्यांना ‘टीचर’च म्हणा. पटो न पटो, त्यावर वाद तरी घालता येतो. अक्षरं फोडून गुलामी काढणाऱ्याशी काय वाद घालायचा?

दुसरा मुद्दा ‘मॅडम’चा: ‘मॅड’ म्हणजे वेडी, म्हणून मॅडम म्हणजे वेडी बाई. फ्रेंचमध्ये ‘मा दाम’ म्हणजे माझ्या बाईसाहेब. पुढे चला. ‘डीन’ हा शब्द ‘दीन’वरून आला, हा तिसरा. लॅटिनमध्ये ‘देकानुस’ म्हणजे दहांवरचा प्रमुख, मठातल्या दहा साधूंचा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना एकदा प्रत्यक्ष भेटा, दीन कोण ते कळेल. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे जो प्रिन्सिपल, म्हणजे तत्त्वं, शिकवतो, हा चौथा. इथे मूळ एकच आहे, ‘पहिला’ या अर्थाचं, एवढं मान्य. पण प्राचार्य म्हणजे तत्त्वं शिकवणारा नव्हे, मुख्य माणूस. कर्जातल्या मुद्दलालाही तोच शब्द आहे, आणि मुद्दल कुणाला तत्त्वं शिकवत नाही.

पाचवा: ‘व्हाइस’ म्हणजे दुर्गुण, म्हणून ‘व्हाइस चॅन्सेलर’ हे पद आपल्या विद्वानांना हिणवायला काढलं. हा ‘व्हाइस’ लॅटिन आहे, अर्थ ‘च्या जागी’. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. तेव्हा चॅन्सेलर मुंबईचा गव्हर्नर, आज राज्यपाल. तो नावाचा प्रमुख. गाडा हाकतो तो व्हाइस चॅन्सेलर. १८९२ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्या खुर्चीवर बसले, पहिले भारतीय, आणि तेव्हा तो गौरव मानला गेला. खरा घोळ इंग्रजीत नाहीच, आपल्यात आहे. मराठीत चॅन्सेलर म्हणजे कुलपती आणि व्हाइस चॅन्सेलर म्हणजे कुलगुरू. हिंदीत ‘कुलपति’ म्हणजे व्हाइस चॅन्सेलर, आणि चॅन्सेलर ‘कुलाधिपति’. हिंदी बातमी घाईने मराठीत आणणारा दर वेळी इथे आपटतो आणि राज्यपालांची बदली करून मोकळा होतो. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आपल्याकडचा ‘कुलगुरू’ उचलला, निदान तिथला घोळ तरी मिटेल.

सहावा वाचून मात्र डोकं फिरलं. ‘असिस्टंट प्रोफेसर म्हणजे प्रोफेसरांचा मदतनीस. इंग्रजांनी भारतीयांना असिस्टंटच ठेवलं.’ माझ्या मावसबहिणीने नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा काढली, चार वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या पैशावर आणि उन्हाळ्यात बिनपगारी, शिकवलं. मग कुठे तिची नेमणूक झाली. तिला बघायला आलेल्या मंडळींनी विचारलं, "असिस्टंट म्हणजे अजून कुणाच्या हाताखाली का?" सहाय्यक प्राध्यापक कुणाचीही फाइल उचलत नाही. स्वतःचे वर्ग घेते, पेपर काढते, तपासते. ती प्राध्यापकपदाच्या शिडीची पहिली पायरी आहे, इतकंच. आणि हे इंग्रजांनी केलेलं नाही. त्यांच्या वळणाचे शब्द होते ‘लेक्चरर’ आणि ‘रीडर’, आपले अधिव्याख्याता आणि प्रपाठक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी ते जाऊन असिस्टंट आणि असोसिएट प्रोफेसर आले. म्हणजे इंग्रजांनी लादला म्हणतात तो शब्द स्वतंत्र भारतातल्या दिल्लीच्या कार्यालयातून निघालाय.

सातवा, ‘प्यून’ म्हणजे पायाखालचा गुलाम. पायाशी संबंध आहे, हे खरं. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला म्हणून नोंदवलाय, अर्थ पायदळातला शिपाई. बुद्धिबळातलं इंग्रजी ‘पॉन’ त्याच घरचं, आणि आपलं फारसी ‘प्यादं’ही पायावरूनच. अमेरिकेत ‘पिऑन’ म्हणजे कर्जापायी राबणारा वेठबिगार, आणि तिथल्या काँग्रेसने १८६७ मध्ये ती पद्धत कायद्याने बंद केली, हेही खरं. पण इथे तो अर्थ कधी आलाच नाही. इथे तो निरोप्या, चपराशी.

शाळेत तर त्यांना प्यून कुणी म्हणतही नाही. ते ‘मामा’ असतात आणि त्या ‘मावशी’. आईच्या शाळेतल्या मामांच्या हातात घंटेचा लोखंडी तुकडा असायचा, आणि वेळेच्या बाबतीत मुख्याध्यापकांपेक्षा त्यांचा शब्द चालायचा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने अनुदानित शाळांमधली हीच पदं मोडीत काढून त्याऐवजी ठोक ‘शिपाई भत्ता’ द्यायचं ठरवलं. आईला विचारलं, तेव्हा गटावर कुणी काही पाठवलं होतं का? म्हणाली, गुड मॉर्निंगची फुलं येत होती.

भाच्याचं प्रकरण मिटलं. पीटीच्या सरांनी त्याला माफीनामा लिहून आणायला सांगितलं. त्याने मला वाचायला पाठवला. मजकूर ठीक होता, ‘सर’ तीनदा आलं होतं. शेवटी मात्र ‘आपला आज्ञाधारक’ खोडून त्याने ‘आपला विश्वासू’ केलं होतं. मी तसंच राहू दिलं.