बिलावर रुग्णाचा क्रमांक असला म्हणून ओळखचोरी होत नाही

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत फिरणारा व्हॉट्सॲपवरचा एक संदेश न्यू जर्सीत दवाखान्याच्या बिलिंगचे काम करणाऱ्या माझ्या मामेबहिणीपर्यंत पोहोचला आणि तिची झोप उडाली, म्हणून हे लिहिणे भाग आहे. संदेश सांगतो की, विम्याच्या खोट्या बिलावर रुग्णाचे नाव वा क्रमांक असला की ती ‘गंभीर ओळखचोरी’ ठरून दोन वर्षांची सक्तीची कैद होते, क्रमांक चुकून पडला तरी सुटका नसते आणि म्हणून चूक दिसताच जुन्या नोंदी पुसून टाकाव्यात.

दोन वर्षांचा भाग खरा आहे, हे मान्य करावे लागते. अमेरिकेच्या संघीय फौजदारी कायद्यात २००४ साली आलेल्या कलम १०२८-ए नुसार मूळ गुन्ह्याच्या शिक्षेखेरीज ही दोन वर्षे वेगळी भोगावी लागतात आणि प्रोबेशन, म्हणजे कैदेऐवजी देखरेखीखाली मोकळीक, मिळत नाही.

पण हे कलम लागते कुठे, याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ जून २०२३ रोजी ‘ड्यूबिन विरुद्ध अमेरिका’ या खटल्यात दिले आहे आणि संदेश लिहिणाऱ्याने ते वाचलेले दिसत नाही. टेक्सासमधील मानसशास्त्रीय सेवा देणाऱ्या एका कंपनीने चाचणी घेणाऱ्या कर्मचाऱ्याची पात्रता फुगवून मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेला, बिल लावले होते. रुग्ण खरा होता, चाचणीही झाली होती. तरीही बिलावर रुग्णाचा मेडिकेड क्रमांक आहे एवढ्यावरून खालच्या न्यायालयांनी ओळखचोरी मानली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी हा निष्कर्ष अमान्य केला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिलेल्या निकालानुसार दुसऱ्याच्या ओळखीचा वापर गुन्ह्याच्या गाभ्याशी असला पाहिजे, म्हणजे फसवणूक ‘कोण’ याविषयी हवी. सेवा कशी किंवा केव्हा दिली एवढ्यापुरतीच असून भागत नाही. सरकारचा अर्थ स्वीकारला तर स्वस्त मांस वाढून ग्राहकाच्या कार्डावर महागड्या मांसाचे पैसे लावणारा वेटरही ओळखचोर ठरेल, असे उदाहरणही त्यांनी दिले. दवाखान्याची पायरीही न चढलेल्या माणसाच्या चोरलेल्या क्रमांकावर बिल लावणे ही मात्र निराळी गोष्ट आहे आणि तिथे हे कलम आजही लागू शकते. शिवाय फुगवलेले बिल ही आरोग्यसेवेतील फसवणूक राहतेच आणि तिला स्वतंत्र शिक्षा आहे.

चुकून पडलेल्या क्रमांकाविषयी फार बोलायला नको. कलमातच ‘जाणूनबुजून’ ही अट आहे आणि ती ओळख दुसऱ्या खऱ्या व्यक्तीची आहे हे आरोपीला ठाऊक होते, असे सरकारला सिद्ध करावे लागते, हे याच न्यायालयाने २००९ मध्ये ‘फ्लोरेस-फिगुएरोआ’ खटल्यात स्पष्ट केले.

नोंदी पुसण्याचा सल्ला मात्र निव्वळ घातक आहे. संघीय तपासात अडथळा आणण्याच्या हेतूने नोंदी नष्ट केल्यास त्याच कायद्याच्या कलम १५१९ खाली २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे दोन वर्षांच्या भीतीने घाबरलेल्या कर्मचाऱ्याला हा संदेश त्याच्या दहापट संकटात ढकलतो. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना) वा मेडिकेडकडून जादा रक्कम आल्याचे निश्चित झाल्यावर ती कळवून परत करण्यासाठी कायद्याने सर्वसाधारणपणे ६० दिवसांची मुदत दिली आहे. तेव्हा नोंदी जशाच्या तशा ठेवून त्या मुदतीत वकिलामार्फत बिल दुरुस्त करून घ्यावे.