डच अमेरिकन म्हणजे केवळ रूझवेल्ट आणि व्हँडरबिल्ट नव्हेत

"न्यू ॲमस्टरडॅम (डचांची वसाहत, आजचे न्यूयॉर्क) 1664 मध्ये इंग्रजांच्या हाती गेले आणि डच लोक अमेरिकेत विरघळून गेले, मागे उरली ती रूझवेल्ट, व्हँडरबिल्ट यांच्यासारखी मोजकी गर्भश्रीमंत घराणी," असे विधान सध्या सर्रास फिरते आहे. त्यातला सन तेवढा बरोबर आहे.

सत्ता गेली म्हणजे भाषाही गेली, हे गृहीतकच टिकत नाही. हडसन नदीच्या खोऱ्यातल्या किंडरहुक गावी 1782 मध्ये, म्हणजे सत्तांतराला 118 वर्षे उलटल्यावर जन्मलेल्या मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या घरात डचच बोलली जाई आणि इंग्रजी ते शाळेत शिकले. पुढे 1837 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. इंग्रजी मातृभाषा नसलेला दुसरा राष्ट्राध्यक्ष अमेरिकेला आजवर मिळालेला नाही. त्याच खोऱ्यात, अल्स्टर परगण्यात, डच मालकाकडे गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीत गाजलेल्या सोजर्नर ट्रूथ यांनाही लहानपणी डचखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. नवव्या वर्षाच्या सुमारास मेंढ्यांच्या कळपासह 100 डॉलरला विकली गेलेली ही मुलगी नव्या मालकाचे इंग्रजी हुकूम कळत नाहीत म्हणून मार खात असे. त्या डच वंशाच्या नव्हत्या, म्हणून त्यांना डच अमेरिकनांच्या यादीत बसवता येणार नाही. पण डच वारशाचा गौरव करताना ही बाजू गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

"गर्भश्रीमंत" हा शब्द व्हँडरबिल्ट घराण्याला तर मुळीच लागू पडत नाही. त्यांचा मूळपुरुष करारबद्ध नोकर म्हणून आला होता, आणि घराण्याची संपत्ती उभी करणाऱ्या कॉर्नेलियस यांनी अकराव्या वर्षी शाळा सोडून, सोळाव्या वर्षी आईकडून 100 डॉलर घेऊन, स्टेटन आयलंड ते मॅनहॅटन अशी शिडाच्या होडीतून उतारूंची ने-आण सुरू केली. शिवाय 1847 मध्ये मिशिगनात हॉलंड आणि आयोवात पेला ही गावे वसवणारी माणसे नेदरलँड्समधल्या सरकारमान्य चर्चशी बिनसल्यामुळे आणि बटाट्यावरील रोगाच्या वर्षांत हलाखी वाढल्यामुळे देश सोडून आली होती. न्यू ॲमस्टरडॅमशी त्यांचा काहीच संबंध नव्हता.

राहिला "मोजकी घराणी" हा मुद्दा. नुसत्या आडनावांवरून मोजदाद केली की आजोळ सुटते: कादंबरीकार हर्मन मेलव्हिल यांची आई गान्सव्होर्ट घराण्यातली, तर कवी वॉल्ट व्हिटमन यांची आई व्हॅन वेल्सर घराण्यातली होती. विसाव्या शतकातही माणसे येतच राहिली. चित्रकार विलेम डी कूनिंग 1926 मध्ये जहाजात लपून आले. डॉर्ड्रेख्टमध्ये जन्मलेल्या निकोलास ब्लूमबर्गन यांना 1981 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. गिटारवादक एडी व्हॅन हेलन 1962 मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, भावासह कॅलिफोर्नियातल्या शाळेत दाखल झाले, तेव्हा त्यांनाही इंग्रजी येत नव्हते.