ढग मात्र तुमचे तुम्ही आणा

समजा, उद्या तुम्ही एखाद्या दुष्काळी जिल्ह्याचे पालकमंत्री झालात. हसू नका, हल्ली कुणीही होतं. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पुनर्वसूनं चार शिंतोडे टाकून लोकांना पेरायला लावलं आणि आता पुष्यात सगळं करपतंय. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर मिळतंय का, हे माणसं दुकानोदुकानी विचारत फिरतायत आणि तुमच्या दारात निवेदनांचा ढीग पडलाय. काय कराल?

कालव्याच्या चाऱ्या, पाझर तलावांचा गाळ, असल्या गोष्टींच्या नादी चुकूनही लागू नका. चारी दुरुस्त केली की टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचतं, नाहीतर पोचत नाही. मध्ये ते कुणी फोडलं, कुणाच्या उसात वळवलं, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. म्हणजे हिशेब आला. तुम्हाला हवंय असं काम, जे दहा गावांतून मान वर करून बघता येईल आणि एकाही गावाला तपासता येणार नाही. ढगांत फवारणी करून पाऊस पाडायला विमान मागवा.

थोडं विज्ञान पाठ करून ठेवा, पत्रकार परिषदेत बरं दिसतं. 1946 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विन्सेंट शेफर यांनी शीतपेटीत स्वतःचाच श्वास सोडून इवलासा ढग केला आणि त्यात कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकला. पेटीत बर्फाचे कण चमकायला लागले. त्याच वर्षी त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी याच कामासाठी सिल्व्हर आयोडाइड हेरलं. त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी असते, त्यामुळे शून्याच्या खाली जाऊनही गोठायचं राहिलेले थेंब त्याच्याभोवती गोठतात. इतक्या थंड नसलेल्या ढगांत मिठाचे कण सोडतात, ते ओल धरतात, थेंब मोठे होतात. यात खोटं काही नाही. भाषणात एवढंच गाळायचं, की ढग आधीपासून हजर असावा लागतो आणि त्यात पाणीही असावं लागतं. विरजण कितीही चांगलं असलं तरी दूध घरात असावं लागतं, हे कुठल्याही बाईला कळतं. म्हणून बायकांच्या सभेत हा विषय टाळा.

नावाचीही काळजी घ्या. शास्त्रज्ञ याला मेघबीजन म्हणतात. तुम्ही ‘कृत्रिम पाऊस’ म्हणा. मेघबीजन म्हटलं की लोक विचारतात, उगवलं का? कृत्रिम पाऊस म्हटलं की तो पाडून झालेलाच असतो.

आता यातली खरी मौज. भरून आलेला, बरसायच्या बेतात असलेला ढग रडारवर दिसला की वैमानिक नेमका त्याच्याकडेच जातो. बरोबरच आहे, रिकाम्या ढगात दारूगोळा कोण घालवेल? मग पाऊस पडला तर तो विमानानं पाडला. नाही पडला तर ढगात दम नव्हता. आमच्याकडे धोंडी काढायचे, महादेवाची पिंड पाण्यात कोंडायचे, त्याचंही गणित हुबेहूब असंच होतं. खर्च तेवढा नारळ आणि कडुनिंबाच्या डहाळ्यांपुरता. त्यासाठी तुम्हाला अर्थसंकल्पात खर्चाचं शीर्ष मिळालं असतं का?

एक माणूस मात्र जवळ करू नका, तो म्हणजे खरा शास्त्रज्ञ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 1973 ते 1986 या काळात बारामती भागात अकरा पावसाळे विमानातून मीठ फवारून नोंदी ठेवल्या. पुढे 2018 आणि 2019 साली सोलापुरात पुन्हा प्रयोग केला. या लोकांची पद्धत ऐका: निवडलेल्या ढगांपैकी काहींवर फवारायचं आणि बाकीचे, तितकेच चांगले ढग मुद्दाम सोडून द्यायचे. मग दोन्हींची तुलना. कळलं ना संकट? करपलेल्या तुरीत उभ्या असलेल्या मतदाराच्या डोक्यावरून काळाकुट्ट ढग चाललाय आणि तुमचं विमान शास्त्राखातर त्याला हात न लावता परत येतंय. पुढच्या निवडणुकीत अनामत रक्कमही तशीच हात न लागता जाईल. तेव्हा तुमच्या विमानानं दिसेल त्या ढगावर फवारायचं. तुलनेला काही उरलंच नाही की अपयशही उरत नाही.

सोलापूरच्या प्रयोगात फवारणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेनं शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी सुमारे 18 टक्के जास्त पाऊस मिळाला. हा आकडा वापरा, पण जपून. 18 टक्के कशाचे, असं कुणी विचारलं की अडचण होते. पडणाऱ्या पावसाचे. शून्याचे 18 टक्के किती, हे चौथीतलं पोरगंही सांगेल. याच प्रयोगात पाण्याचा खर्च लिटरमागे 18 पैसे निघाला. वा, बाटलीच्या पाण्यापेक्षा केवढं स्वस्त! इथेच थांबा. मी थांबलो नाही, म्हणून मी मंत्री नाही. हेक्टरभर उसाला वर्षाकाठी ढोबळमानानं दोन कोटी लिटर पाणी लागतं. 18 पैशांनी त्याचे 36 लाख रुपये होतात. तो ऊस कारखान्याला घालून तीनेक लाख हाती येतात. प्रयोग झाला तो सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर आहे, हा निव्वळ योगायोग समजा. आकाशातून पाणी काढायचा खर्च सरकारी आणि जमिनीतून उपसायचा हक्क खासगी, अशी सोय असताना पीकपद्धतीचा विषय काढणं असभ्यपणाचं आहे.

वेळ साधणंही महत्त्वाचं. 2019 च्या मे महिनाअखेरीस राज्य मंत्रिमंडळानं या कामासाठी 30 कोटी रुपये मंजूर केले. प्रत्यक्ष विमान तेव्हाच्या औरंगाबादेतून उडालं 9 ऑगस्टला, म्हणजे पावसाळा निम्मा सरल्यावर. घाई करायचं कारणही नव्हतं, विमान काही पेरणीसाठी उडत नसतं. त्याच आठवड्यात सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली होते, माणसं छपरांवर बसून बोटींची वाट बघत होती. एका टोकाला पाणी उतरेना, दुसऱ्या टोकाला उतरवायला विमान. त्याच सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून 2016 साली लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं. हे सगळं एका नकाशावर मांडू नका. नकाशे जिल्हानिहायच ठेवा.

आणि ढग अगदीच फसले तर दिल्लीचा आदर्श आहेच. 28 ऑक्टोबर 2025 रोजी तिथे प्रदूषण धुऊन काढायला कानपूरच्या आयआयटीचं विमान उडालं. ढगांत ओलावा फारच कमी होता, दिल्लीत नाव घेण्याजोगा पाऊस झाला नाही. तरी हवेतले धूलिकण 6 ते 10 टक्क्यांनी घटल्याचं जाहीर झालं. न पडलेल्या पावसाचाही फायदा मोजता येतो, हे आपल्या लोकांना सुचलं नव्हतं. आपण अजून पर्जन्यमापकात काठी बुडवत बसलोय.

तर हार घालून ठेवा, नारळ फोडा, वैमानिकाबरोबर फोटो काढा. विमान दिसेनासं होईपर्यंत हात हलवत राहा, कॅमेरे तोवर चालू असतात. मग गाडीत बसल्या बसल्या टँकरच्या मुदतवाढीच्या फायलीवर सही करून टाका. पीए ती सोबत घेऊनच आलेला असतो.